कोलोनला जाताना मी बंद केलेलं सिंक

परदेशातून आलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. कॅथेड्रल पाहिलंत का, ऱ्हाईनमधून बोटीनं फिरलात का, चॉकलेटं किती आणलीत? मी हो हो म्हणते आणि फोनमधले फोटो पुढे सरकवते. फोटो चांगलेच आहेत. फक्त कुठल्याही फोटोत मी हसताना दिसत नाही, आणि कुणी अजून त्याचं कारण विचारलेलं नाही. इथे सांगून टाकते.

रविवार, विमानतळ

आमची पुण्यातली छोटी कंपनी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. यंत्र कसं चालवायचं, कसं पुसायचं, काय उघडायचं आणि काय जीव गेला तरी उघडायचं नाही. मी तिथल्या लेखन विभागाची प्रमुख. अठ्ठावीस वर्षं झाली, ऑफिसात सगळे लिमये मॅडम म्हणतात आणि थोडे टरकूनच असतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

कोलोनजवळच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. चॉकलेटच्या वड्या कागदात गुंडाळणारं यंत्र, त्याचं दोनशे पानी पुस्तक. त्यावर शेवटचा हात फिरवायला आणि सहीशिक्के घ्यायला मी निघाले होते. त्या कारखान्यात आमची प्रज्ञा होती. प्रज्ञा कांबळे, मूळची नांदेडची, आठ वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली. पाच महिन्यांपूर्वी तिला त्याच कारखान्यात नोकरी लागली आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली.

आता ते सिंक. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या आणि कारखान्याच्या लोकांचा मिळून एक सामायिक फोल्डर आहे. तो इंटरनेटवर कुठेतरी असतो, आणि त्याची हुबेहूब प्रत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असते. प्रज्ञानं कोलोनमध्ये एक ओळ बदलली की ती माझ्याकडे पुण्यात आपोआप बदलते, यालाच सिंक म्हणतात. मेल नको, पेनड्राइव्ह नको, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरंच’ अशा फायलींचं लटांबर नको. कुणी, कधी, काय बदललं, सगळं नावासकट राहतं. हे प्रज्ञानंच आमच्याकडे आणलं, दोन वर्षांपूर्वी. मी तेव्हा म्हटलं होतं, ‘‘आपली फाइल ढगात कशाला ठेवायची गं? आपल्या कपाटात काय वाईट आहे?’’ ती हसली होती. मग एकदा माझ्या लॅपटॉपवर अख्खा कप कॉफी सांडली, आणि दुपारपर्यंत नव्या लॅपटॉपवर माझं सगळं काम जसंच्या तसं परत आलं. तेव्हापासून मी बोलायची बंद झाले. पण मनातून पटलं नव्हतं ते नव्हतंच.

मुंबईच्या विमानतळावर मी फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप उघडला. कोपऱ्यातलं ढगाचं चिन्ह गरगरायला लागलं. इतक्या फायली उतरवायच्या बाकी आहेत म्हणे. मी दहा दिवसांचं रोमिंगचं पॅक घेतलेलं, त्यातला डेटा हे चिन्ह तिकडे पोचताच गिळून टाकणार! मी त्यावर बोट ठेवलं आणि ते बंद करून टाकलं. हॉटेलच्या वायफायवर बघू म्हटलं. आणि विसरले. मी लॅपटॉप कधी नीट बंद करत नाही, नुसतं झाकण लावते, त्यामुळे सिंक स्वतःहूनही परत चालू झालं नाही. त्या बाकी राहिलेल्या फायलींत काय होतं, हे मला बुधवारपर्यंत कळायचं नव्हतं.

सोमवार, कोलोन

हॉटेलच्या खोलीत गेल्या गेल्या मी खिडकी उघडायला गेले. हँडल फिरवलं तर अख्खी खिडकी वरून माझ्या अंगावर आली. खालून मात्र चिकटलेली! मला वाटलं बिजागरी निखळली. दोन्ही हातांनी ती धरून मी पाच मिनिटं उभी. मग एका हातानं फोन घेऊन रिसेप्शनला फैलावर घेतलं, मोडकी खिडकी देता, वर पैसे घेता. एक मुलगी वर आली. तिनं हँडल वर केलं, खिडकी तिरपी ठेवली, खाली केलं, खिडकी मिटली. आडवं केलं, खिडकी दारासारखी उघडली. जर्मनीतल्या सगळ्या खिडक्या अशाच असतात, हवा यावी म्हणून. मुलगी ‘‘आल्झो’’, म्हणजे ‘तर असं’, एवढंच म्हणून गेली. आपल्याला काही कळलं नाही की समोरच्याची चूक असते, हा माझा जुना स्वभाव. त्या दिवशी मी त्यावर हसले आणि ते हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी प्रज्ञा भेटायला आली. केस कापलेले, पाठीवर सॅक, तोंडात सारखं ‘‘गेनाऊ, गेनाऊ’’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’. आम्ही नदीकाठानं चाललो. मे महिना, रात्री नवापर्यंत उजेड. जो तो पांढरी शतावरी खात होता. आपल्याकडे आंब्याचं जे होतं ते इथे शतावरीचं होतं. मी खाऊन पाहिली. दुधी बरा.

‘‘नोकरी कशी चाललीय गं?’’ मी विचारलं.

‘‘चांगली चाललीय मॅडम. फक्त माझा प्रोबेत्साइट संपतोय. म्हणजे सहा महिन्यांचा परीक्षेचा काळ असतो इथे. या शुक्रवारी फ्राऊ लोरेन्झ, माझ्या वरिष्ठ, ठरवणार, ठेवायचं की नाही.’’

‘‘आणि नाही ठेवलं तर?’’

‘‘तर दुसरी नोकरी शोधायची, मुदतीत. नाहीतर व्हिसा.’’ व्हिसा गेला की परत भारतात. तिचा नवरा दूर र्युसेल्सहाइमला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतो. सगळा संसार नुकताच लागलेला. ‘‘पण होईल मॅडम. तुम्ही आलायत ना!’’

मंगळवार, कारखाना

मी मोठ्या आकड्यांची बाई नाही, पण कामाची पद्धत मला कळते. या लोकांचं काम पाहून मी जरा चूप झाले. यंत्रापाशी उभा असलेला कामगार हातातल्या टॅबलेटवर आमचंच पुस्तक वाचत होता. प्रज्ञानं त्याच्या म्हणण्यावरून एक शब्द बदलला तर मिनिटभरात तो शब्द त्याच्या हातात. दुपारी मित्राच्या, म्हणजे प्रज्ञाच्या मुलीच्या, किटातून फोन आला. किटा म्हणजे तिथलं पाळणाघर. ताप आलाय, घेऊन जा. माझ्या ऑफिसात अशा वेळी बाईमाणसाची जी तारांबळ उडते ती मला पाठ आहे. फाइल कुणाला देऊ, काय सांगू, पेनड्राइव्ह कुठेय. प्रज्ञानं सॅक पाठीला लावली आणि गेली. तीनच्या सुमाराला घरून तिचं काम पुन्हा सुरू झालेलं. पोरगी मांडीवर, लॅपटॉप समोर, फायली त्याच. फ्राऊ लोरेन्झनी घड्याळसुद्धा पाहिलं नाही.

फ्राऊ म्हणजे आपल्याकडचं ‘श्रीमती’. पन्नाशीच्या, पांढरे आखूड केस, कमी बोलणं. आपल्याकडे साहेब खूश आहे की नाही ते चहा कुठला मागवला त्यावरून कळतं. इथे बाटलीबंद पाणी, तेही बुडबुड्यांचं, सगळ्यांना सारखंच. अंदाज कसला बांधणार?

संध्याकाळी हॉटेलातून मी पुस्तकाची पीडीएफ केली आणि फ्राऊ लोरेन्झना पाठवली. माझ्या लॅपटॉपवरून. माझ्या प्रतीवरून.

बुधवार, सकाळ

बैठकीला माझ्याशिवाय सहा जण. प्रत्येकापुढे माझ्या पीडीएफचे छापील कागद. इतकं सगळं ढगात, तरी मंजुरी कागदावरच घ्यायची, ही तिथली रीत. चौथं प्रकरण, यंत्र पुसणे. फ्राऊ लोरेन्झ चष्मा वर करून थांबल्या.

‘‘चौथी पायरी, पुढचं झाकण उघडा. पाचवी पायरी, मुख्य स्विच बंद करा. हे उलटं आहे.’’

आत कागद कापणारं पातं आहे. वीज चालू असताना झाकण उघडून हात घातला तर बोट जाईल.

मला घाम फुटला. आणि घाम फुटला की माझं तोंड आधी चालतं.

‘‘हे प्रकरण प्रज्ञाकडे होतं,’’ मी इंग्रजीत म्हणाले. ‘‘तिनं तपासून बदलायचं होतं. जुनंच राहिलेलं दिसतंय.’’

‘‘मी गेल्या शुक्रवारीच बदललंय,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘फोल्डरमध्ये आहे.’’

‘‘फोल्डरमध्ये नाही. हे बघा.’’ मी माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. चौथं प्रकरण, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. ‘‘फोल्डर खोटं बोलत नाही.’’

मग प्रज्ञानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती माझ्याकडे झुकली आणि हळूच मराठीत म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचं सिंक चालू आहे ना?’’

मराठीत! त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. मला सुटायला वाट करून दिली होती पोरीनं. आणि मी काय म्हणाले? ‘‘मला शिकवू नकोस.’’

ती गप्प बसली. तिच्यासमोर तिचा लॅपटॉप होता. झाकण उघडून पडद्याला जोडलं असतं तर एका मिनिटात सोक्षमोक्ष लागला असता. तिनं हात लावला नाही. आपल्याकडे जिनं शिकवलं त्या बाईला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. गप्प बसणं म्हणजे मान. पण तिथे बसलेल्या पाच जर्मनांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांच्याकडे गप्प बसणं म्हणजे कबुली. फ्राऊ लोरेन्झनी वहीत काहीतरी लिहिलं. मला दिसलं ते. आणि मी अजून एक वाक्य बोलले, कुणी विचारलेलं नसताना.

‘‘हुशार आहे ती,’’ मी म्हणाले, ‘‘पण जरा घाई करते. पहिल्यापासून.’’

बैठक संपल्यावर फ्राऊ लोरेन्झनी मला बाजूला घेतलं. ‘‘मला शुक्रवारी निर्णय घ्यायचा आहे. तुम्ही तिला आठ वर्षं ओळखता. घाई करते, हे खरं आहे?’’

मी खांदे उडवले. तिथे सगळे उडवतात तसे. ‘‘थोडीफार,’’ मी म्हणाले.

बुधवार, संध्याकाळ

जेवायला प्रज्ञाकडेच ठरलं होतं, सोमवारपासून. मला वाटलं ती आता काहीतरी कारण सांगून टाळेल. नाही टाळलं. पाचला न्यायला आली, ट्राममध्ये शेजारी बसली, मला थांब्यांची नावं सांगत राहिली. मीही मोठेपणानं ठरवलं होतं की झालं ते झालं, मी काही मनात ठेवणार नाही. काय पण मन माझं!

तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर. दारातच चपलांची रांग, आत शिरताच बुद्धाची छोटी मूर्ती, वर भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. त्या फोटोचं नाव मराठी माणसाला सांगावं लागत नाही. प्रज्ञाच्या आई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कमलताई, नांदेडजवळच्या गावात तीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेल्या.

‘‘या बाई, या. किती दिवसापास्नं नाव ऐकायले तुमचं. बसा की.’’

येसर आमटी केली होती. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसाला, नांदेडहून आणलेला, ज्वारीचं पीठ इथल्या एशियन दुकानातलं. भाकरी मात्र नांदेडच्याच हातची. बाजूला शेंगदाण्याची चटणी, कांदा. तीन दिवस थंड पाव आणि चीज खाऊन माझी जीभ मेली होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. ताप उतरलेली मित्रा माझ्याशी बोलायला येईना. आजी मराठीत विचारायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं बरोबर जमायचं.

‘‘मला कळत न्हाई काय बी,’’ कमलताई म्हणाल्या, ‘‘पर ती न्हाई म्हणायली का हो म्हणायली, ते तोंडावरनं दिसतं.’’

मग त्यांनी माझ्या ताटात चौथी भाकरी टाकली आणि म्हणाल्या, ‘‘बाई, तुम्ही माझ्या लेकीला उभं केलंत. तुम्ही पाठीशी हायेत म्हणून मला घोर न्हाई. शुक्रवारचं बी तुमच्यामुळं चांगलंच होईल.’’

प्रज्ञा उठून पाणी आणायला गेली. मला वाटलं, हिनं घरी काही सांगितलेलं दिसत नाही. मला बरंच वाटलं, लाज वाटते आता लिहिताना.

जेवण झाल्यावर कमलताईंना पुण्यातल्या ऑफिसचे फोटो पाहायचे होते. लेक आठ वर्षं कुठे बसायची, ते. फोटो लॅपटॉपमध्ये होते. प्रज्ञानं घरच्या वायफायचा पासवर्ड टाकून दिला आणि भांडी घासायला गेली. फोटो सापडेनात, कारण तेही फोल्डरमध्येच, न उतरलेले. मी कोपऱ्यातलं ढगाचं चिन्ह शोधलं. ते राखाडी होतं, त्यावर काट मारलेली.

मी बोट ठेवलं. चिन्ह गरगरायला लागलं. एकेका फायलीपुढे हिरवी खूण येत गेली. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी जरासं थांबलं. मग तारीख बदलली. शुक्रवार, संध्याकाळ. बदल करणार: प्रज्ञा कांबळे.

मी ते उघडलं. चौथी पायरी, मुख्य स्विच बंद करा. पाचवी, पातं थांबेपर्यंत वाट पाहा. सहावी, झाकण उघडा. बाजूला तिची टीप होती: ‘मॅडम, क्रम बदलला आहे. कामगारांनी करून पाहिलं. पीडीएफ करण्याआधी कृपया एकदा बघा.’

‘‘दिसला का फोटो?’’ कमलताईंनी विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘नेट हळू आहे.’’ आणि झाकण लावलं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. चार पावलं चालून जायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं. मी बडीशेप खाल्ली, नमस्कार केला आणि ट्रामनं हॉटेलवर परत आले.

गुरुवार

या दिवशी मला मोकळीक होती. मी कॅथेड्रल पाहिलं. काळ्या दगडाचं प्रचंड देऊळ आहे, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पाचशेवर पायऱ्या चढून लोक मनोऱ्यावर जातात. मी खालच्याच पायऱ्यांवर बसले आणि फोनवर मेल लिहिला. तीनदा लिहिला. शेवटी पाठवला तो असा: ‘काही तांत्रिक सिंक-अडचणीमुळे चौथ्या प्रकरणाची जुनी आवृत्ती पीडीएफमध्ये गेली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सुधारित प्रत सोबत.’

अठ्ठावीस वर्षं मी माझ्या लोकांना शिकवलं की सूचना लिहिताना कर्ता स्पष्ट लिहा. कोणी काय करायचं ते लिहा. आणि या मेलमध्ये कर्ता कुठेच नव्हता. जणू काही अडचण स्वतःच पीडीएफ करून स्वतःच पाठवून गेली.

दहा मिनिटांत फ्राऊ लोरेन्झचं उत्तर आलं, एका ओळीचं. ‘ही अडचण तुमच्या दोघींपैकी कुणाच्या संगणकावर होती?’

मी फोन पर्समध्ये टाकला. तिथून ऱ्हाईनच्या पुलावर गेले. कठड्याला हजारो कुलुपं लटकवलेली, प्रेमी जोडप्यांची. एरवी मी नवऱ्याला फोटो पाठवून टोमणा मारला असता. त्या दिवशी सुचला नाही.

चालता चालता माझ्या डोक्यात आमच्या ऑफिसातला निखिल आला. आमच्याच आळीतल्या कुलकर्ण्यांचा. त्यानं वर्षभरात चार वेळा जुन्या फायली पाठवल्या. चारही वेळा मी काय म्हणाले होते? ‘‘सिस्टिमचा काहीतरी प्रॉब्लेम असेल, बघा रे.’’ त्याच्या बाबतीत मला आधी यंत्र आठवलं. प्रज्ञाच्या बाबतीत आधी प्रज्ञा आठवली. मी स्वतःला कधी तसली समजत नव्हते. आमच्याकडे सगळ्यांना एकाच कपबशीत चहा, आम्ही कधी भेद मानला नाही, हे मी किती तरी वेळा अभिमानानं सांगितलं आहे. पुलावर थंड वारा सुटला होता आणि माझे कान मात्र तापले होते.

फ्राऊ लोरेन्झना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही.

शुक्रवार

सकाळी आठला मी कारखान्यात. प्रज्ञाची भेट दहाला होती. फ्राऊ लोरेन्झ त्यांच्या खोलीत सफरचंद कापत होत्या.

‘‘माझ्या,’’ मी दारातूनच म्हणाले. ‘‘माझ्या संगणकावर. मी सिंक बंद केलं होतं, डेटा वाचवायला. प्रज्ञानं गेल्या शुक्रवारीच सगळं बरोबर केलं होतं. ती घाई करते, हेही खोटं आहे.’’

मला वाटलं होतं आता सुटले. खरं बोलण्याचं धाडस केल्याबद्दल एखादा चांगला शब्दही कानावर येईल. त्यांनी सुरी खाली ठेवली.

‘‘तिला बुधवारी हे माहीत होतं?’’

‘‘अंदाज होता तिला. तिनं मला विचारलं होतं. आमच्या भाषेत.’’

‘‘आणि मग ती गप्प बसली.’’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘फ्राऊ लिमये, याची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही पाहुण्या आहात, जाल. पण समोर चुकीचं पान आहे, कुणाचं तरी बोट जाऊ शकतं, आणि जिला खरं माहीत आहे ती बोलत नाही. अशा माणसाला मी सुरक्षेच्या कामावर कशी ठेवू?’’

मी कबूल केलं की ती वाचेल, एवढंच मी धरून आले होते. इथे तर माझ्या चुकीपेक्षा तिनं मला दिलेला मानच तिला महागात पडत होता. मी समजावायला लागले, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना चारचौघांत बोलत नाहीत, ती माझी विद्यार्थिनी आहे, मीच तिला ‘शिकवू नकोस’ म्हणून गप्प केलं. माझं इंग्रजी अडखळत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन उचलून प्रज्ञाला बोलावलं. बुधवारच्या बाकीच्या चौघांनाही.

त्याच खोलीत आम्ही बसलो. फ्राऊ लोरेन्झ तिला जर्मनमध्ये म्हणाल्या, काय झालं ते सांग. मला भाषा कळत नव्हती, पण विषय कळत होता.

प्रज्ञानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बोल गं बाई, बोल एकदाची!

तिनं लॅपटॉप पडद्याला जोडला. फायलीचा इतिहास उघडला, ओळीनं नावं, तारखा, वेळा. गेल्या शुक्रवारची तिची ओळ. मंगळवारी पीडीएफ केलेली माझी. ती बोलत होती, सलग, खालच्या आवाजात, पण खाली न बघता. मध्ये मध्ये ‘फ्राऊ लिमये’ ऐकू यायचं. आठ वर्षांत पहिल्यांदा ती मला मॅडम न म्हणता माझ्याबद्दल बोलत होती. टेबलाभोवतीची डोकी एकेक करून माझ्याकडे वळली. मी कुठे बघू मला कळेना. मी बुडबुड्यांच्या पाण्याकडे बघत बसले.

ती थांबल्यावर फ्राऊ लोरेन्झ तिला काहीतरी म्हणाल्या. मग माझ्यासाठी इंग्रजीत तेच. ‘‘पुढच्या वेळी लगेच बोलायचं. समोर कुणीही बसलेलं असो.’’

‘‘जा,’’ प्रज्ञा म्हणाली. त्यांच्याकडे हो म्हणायचं ते असंच.

फ्राऊ लोरेन्झनी हात पुढे केला. नोकरी राहिली.

आम्ही दोघी बाहेर आलो. मी तिचा हात धरला आणि माफी मागितली. नीट मागितली, कर्त्यासकट. ती ‘‘असू द्या मॅडम’’ म्हणाली नाही. मी त्याची वाट बघत होते, पण ती म्हणाली नाही.

‘‘बुधवारी घरी तू आईंना काही सांगितलं नव्हतंस, ते तुझं मोठेपण,’’ मी म्हणाले.

‘‘सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘दुपारीच, फोनवर. मी रडत होते. मी म्हटलं, आजचं जेवण रद्द करते. आई म्हणाली, बोलावलंय ना, येऊ दे. जेवायला बसलेल्या माणसाला काही बोलायचं नसतं.’’

मला ते ताट आठवलं. चौथी भाकरी. ‘तुम्ही पाठीशी हायेत.’ सगळं माहीत असून त्या बोलल्या होत्या. आशेनं बोलल्या असतील, शुक्रवारी तरी ही बाई काही करेल म्हणून. आणि मी त्यांना नेट हळू आहे म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी विमान होतं. त्या संध्याकाळी मी एकटीच ट्राममध्ये बसले, थांबे मोजत. प्रज्ञा अजून कामावर होती. दार कमलताईंनी उघडलं. मागून मित्रानं डोकावून पाहिलं आणि आत पळाली.

‘‘या बाई.’’

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सिंक, विमानतळ, पीडीएफ, बुधवारी इथेच कळलं होतं तेही, झाकण लावलं तेही. त्या पदराला हात पुसत ऐकत होत्या.

‘‘चूक झाली त्याचं काय न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मशिनीचं कुणाचं बी चुकतं. मला दुसरंच इचारायचंय. माझी लेक घाई करती, पहिल्यापास्नं, असं तुम्ही म्हणलात म्हणं. आई हाय मी. खोड असंल तर मला ठावं पायजे. कवा कवा केली तिनं घाई?’’

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. मी आठ वर्षं आठवून पाहिली. पहिली फाइल, पहिली बढती, दिवाळीच्या आदल्या दिवशी थांबून तपासलेली पुस्तकं.

‘‘कधीच नाही,’’ मी म्हणाले.

‘‘मग म्हणलात कशाला?’’

खोटं सुचत होतं. दोन-तीन खोटी तयारच होती, टेन्शन होतं, तोंडून गेलं, इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. मी ती गिळली.

‘‘मला वाटलं,’’ मी म्हणाले, ‘‘तुमच्या मुलीचं नाव घेतलं तर कुणी उलटून विचारणार नाही.’’

कमलताईंनी मान हलवली, सावकाश, दोनदा.

‘‘हां,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्ये खरं बोललात.’’

त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी दारातच उभी राहिले.